पाटाभोवती रांगोळी

दर आठवड्याला या सदरात मी एखाद्या मराठी शब्दाचे बोट धरतो आणि तो नेईल तिकडे जातो, हे आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा थोडी सैल दिली आणि जाता जाता सुचवले, "सणासुदीचे दिवस आहेत, एखादा गोड शब्द घ्या." करंजी, उटणे, पाडवा असे दोन-चार शब्द मी मनाशी घोळवूनही पाहिले. पण गेले सहा महिने आमच्या घरात एकच शब्द मुक्कामाला येऊन राहिला आहे. तो गोड की कडू, याचा निकाल आमच्या आईच्या दरबारात परवापरवापर्यंत लागलेला नव्हता. तो शब्द म्हणजे 'दत्तक'.

त्याचे झाले असे. माझी धाकटी बहीण अनघा अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. तिला दोन मुले. मीरा सात वर्षांची आणि ओंकार चार वर्षांचा. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही घरे समोरासमोर बसतात. चैत्रातल्या एका रविवारी आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी वर्तमानपत्रात डोके खुपसले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि अनघा एकदम म्हणाली, "आई, दादा, आम्ही एक मूल दत्तक घ्यायचे ठरवले आहे. भारतातून."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तुला दोन आहेत ना?" एवढेच ती म्हणाली.

"आहेत की. म्हणून तर घर मुलांचे आहे."

"मग तिसरे कशाला?"

याला अनघाने काय उत्तर दिले ते मला नीट आठवत नाही. पडद्यावर ओंकार उड्या मारत होता आणि आमचे मेहुणे श्रीधरराव त्याला आवरत होते. आईने शेंगांचे ताट उचलले आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशीची भाजी खारट झाली. आमच्या घरी भाजी खारट होणे ही निषेधाची जुनी, मान्यताप्राप्त पद्धत आहे.

पुढचे काही आठवडे आईची वाक्ये ठरलेली होती. "कुणाचे रक्त, कुणाचे गोत्र!" "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे उद्या झाले तर?" "पोटच्या दोघांच्या वाट्याचे कमी होणार, ते कोण भरून देणार?" मी तिची समजूत घालत असे. पण वाचकहो, खरे सांगायचे तर मनातून मी आईच्याच बाजूचा होतो. अनघा लहानपणापासून पावसात भिजलेली मांजरे घरी आणणारी. मला वाटे, हाही त्यातलाच प्रकार. मांजर दुसऱ्या दिवशी निघून जाते. मूल जात नाही. बाहेर मात्र मी सुशिक्षित माणसासारखे तोंड करून "त्यांचा निर्णय आहे" म्हणत असे.

आता मी मराठीचा मास्तर. माझ्यावर संकट आले की मी शब्दकोशाकडे धावतो. 'दत्त' म्हणजे दिलेला. त्यावरून 'दत्तक'. शब्दाच्या पोटात देणारा बसला आहे, आणि 'दत्तक घेणे' म्हटले की घेणारा त्याच्यासमोर येऊन बसतो. देणारा कर्ता, घेणाराही कर्ता. मूल मात्र दोन्हीकडे कर्म! वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने माझी चूक काढली. म्हणाली, "सर, 'तो दत्तक गेला' असे म्हणतोच की आपण. तिथे मूल कर्ता आहे." मी निरुत्तर झालो. घरी येताना बसमध्ये सुचले, की हा 'गेला' म्हणजे 'पुरात वाहून गेला' यातला 'गेला'. नावाला कर्ता, जाणे न जाणे त्याच्या हाती कुठे?

आपल्या इतिहासाची पाने या शब्दाने भरली आहेत. १८४८ साली कंपनी सरकारने साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर केले आणि शिवछत्रपतींच्या वंशाची ती गादी खालसा झाली. पुढे झाशीची तीच कथा. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली दत्तक गेले. कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले. या साऱ्या कथांत गादी आधी आहे आणि मूल मागून आले आहे. राजवाड्यातच नव्हे, साध्या वाड्यातही तसेच. वंश चालावा, पिंडाला अधिकारी मिळावा, शेत भाऊबंदांच्या घशात जाऊ नये, म्हणून मुलगा हवा. मुलगाच हवा; मुलगी दत्तक घेण्याची सोय जुन्या चालीत जवळजवळ नव्हतीच. घराला मूल हवे होते. मुलाला घर हवे आहे का, हा प्रश्न कुणाच्या पोथीत नव्हता.

एक लखलखीत अपवाद आपल्याच पुण्यातला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ साली आपला म्हणून घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. त्या घरात ना गादी होती, ना वंशाची हाव. एका मुलाला आईबाप हवे होते, म्हणून दोन माणसे आईबाप झाली. आजचा कायदा जे सांगू पाहतो, ते या जोडप्याने दीडशे वर्षांपूर्वी कायद्यावाचून केले.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या ओळखीचे एक विधी महाविद्यालयातले प्राध्यापक आहेत. एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसून मी हे प्रकरण समजावून घेतले. १९५६ साली हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा झाला. त्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, हा मोठाच बदल. पण त्यात एक मेख होती, आणि ती आजही आहे. ज्याला मुलगा आहे त्याने मुलगा दत्तक घ्यायचा नाही. मुलगी असेल तर मुलगी घ्यायची नाही. म्हणजे आमच्या अनघासारख्या, दोन्ही असणाऱ्या बाईला त्या कायद्याने दारच बंद! ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांच्यासाठी तर दत्तकाचा कायदा नव्हताच. त्यांना १८९० च्या कायद्याखाली फार तर पालक होता येई. परदेशी जोडपीही त्याच वाटेने पालकत्वाचा हुकूम घेऊन मुले आपल्या देशी नेत आणि दत्तकविधान तिकडे करीत.

या वाटेवर देखरेख करणारे कुणी नव्हते. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेले गैरप्रकार थांबवा. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. आधी देशातच घर शोधा, ते न मिळाले तरच बाहेर पाहा. मूल देणाऱ्या आईवर दडपण नको. घेणाऱ्या घराची नीट चौकशी करा. १९९३ साली हेग येथे देशोदेशींनी मिळून याच धर्तीचा करार केला आणि २००३ साली भारताने त्याला मान्यता दिली. आज २०१५ चा बालन्याय कायदा आहे आणि दिल्लीची 'कारा' ही मध्यवर्ती संस्था सारा कारभार पाहते. या कायद्यात धर्म आडवा येत नाही आणि घरात आधी मुलगा आहे की मुलगी, हेही आडवे येत नाही.

"मग आमच्या बहिणीचे काम सोपे आहे म्हणायचे," मी म्हणालो.

प्राध्यापक हसले. "दोन मुले आहेत ना? मग २०२२ चे नियम वाचा."

नियम असा, की ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यांचा विचार फक्त विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी, किंवा ज्यांना घर मिळणे कठीण झाले आहे अशा मुलांसाठीच होतो. ज्याला काही व्यंग आहे, आजार आहे, किंवा ज्याच्याकडे पाहून इतर जोडपी पुढे निघून गेली, असे मूल. परदेशी जाणाऱ्या मुलांतही अपंग मुले, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुले यांना पुढे करण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. तसे का, हे सांगायला प्राध्यापक लागत नाहीत. आपल्याकडे बहुतेकांना तान्हे, निरोगी आणि शक्यतो आपल्या तोंडवळ्याचे मूल हवे असते.

पुढच्या रविवारी मी अनघाला हे सांगायला गेलो, तर तिला सारे पाठ होते. म्हणाली, "दादा, गेल्या आठवड्यात आम्ही दोघे रात्री दोनपर्यंत जागे होतो. एक लांबलचक कागद आहे. त्यावर दुखण्यांची यादी. ओठ दुभंगलेला, ऐकू कमी येते, हृदयाला भोक, चालता येत नाही. प्रत्येकापुढे लिहायचे, आम्हाला जमेल किंवा जमणार नाही. 'जमणार नाही' लिहिताना दर वेळी वाटत होते, की एक मूल दारात उभे आहे आणि आपण दार लावून घेतो आहोत."

"मग सगळीकडे 'जमेल' लिहायचे," मी आपले म्हटले.

"तसे लिहिले होते श्रीधरने. घरी चौकशीला येणाऱ्या बाईंनी कागद परत दिला. त्या म्हणाल्या, खोट्या 'हो'पेक्षा खरे 'नाही' बरे. तुमच्या खोट्या 'हो'ची किंमत मूल भरते."

त्या दिवशी मांजरांचा विचार माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

या चौकशी करणाऱ्या बाई म्हणजे तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेच्या समाजसेविका. त्यांच्या भेटींच्या हकिगती ऐकून आम्ही थक्क झालो. घर किती खोल्यांचे, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, पगार किती, कर्ज किती, हे ठीक. डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचे दाखले, बोटांचे ठसे, हेही समजू शकते. पण बाई विचारतात, तुम्हा दोघांचे शेवटचे भांडण कशावरून झाले? ते मिटले कसे? तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कधी मारले होते का? मूल वर्षभर तुम्हाला आई म्हणालेच नाही तर काय कराल? वर होऊ घातलेल्या आईबापांनी किमान दहा तास शिकवणीला बसायचे! आईने हे ऐकले आणि ती सहा आठवड्यांनी प्रथमच या विषयावर हसली. "आम्ही तीन वाढवली, आम्हाला कुणी शिकवणी ठेवली नाही," ती म्हणाली. तिसरा म्हणजे आमचा मधला भाऊ. तो बंगळूरला असतो आणि अशा विषयांत तटस्थ राहतो.

या कागदांत नातलगाचे एक शिफारसपत्र लागत होते आणि ते लिहिण्याचा मान माझ्याकडे आला. मराठीच्या प्राध्यापकाला पत्र लिहायला किती वेळ लागावा? मला दोन महिने लागले. शेवटी एका रात्री बसून मी दोन पानी मजकूर सिद्ध केला. त्यात 'वात्सल्यमूर्ती' होते, 'संस्कारांचे माहेरघर' होते, इंग्रजीत उतरवताना माझी मलाच दया आली. अनघाने दुसऱ्याच दिवशी परत पाठवले. "दादा, हे निरोप समारंभाचे भाषण आहे. बाईंना मी कशी आहे ते हवे आहे. मी रागावते कशी, ते लिही. मी कुठे कमी पडते, ते लिही."

बहिणीच्या उणिवा लिहून सरकारदरबारी पाठवायच्या! मी पेन खाली ठेवले. खरे कारण असे, की मला त्या घराविषयी जी शंका होती ती लिहायची की नाही, हे ठरत नव्हते. शंका अनघाविषयी नव्हती. मीरा आणि ओंकारविषयी होती. चांगुलपणा करणार आईबाप, आणि त्याची किंमत मोजणार ही दोन कोवळी पोरे, असे तर होणार नाही ना?

आणि मग मीराचे पत्र आले.

घरात पाच वर्षांहून मोठे मूल असेल तर त्याचीही संमती मागतात, हे मला माहीत नव्हते. अनघाने मीराला शेजारी बसवून सांगितले, की एक भाऊ किंवा बहीण येईल, कदाचित तुझ्याहून थोडी लहान असेल, कदाचित तिला नीट ऐकू येणार नाही किंवा चालता येणार नाही. तुला काय वाटते ते तू लिही, आम्ही सांगणार नाही. मीरा शनिवारी मराठी शाळेत जाते. आपल्याला आजीसारखे लिहिता येते हे दाखवण्याची तिला हौस, म्हणून इंग्रजी पत्राबरोबर तिने एक मराठीही लिहिले. अनघाने त्याचा फोटो पाठवला. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून ते येथे देतो:

'माझी खोली मी देणार नाही. बाकी चालेल. ओंकारची खोली मोठी आहे. मला एक विचारायचे आहे. त्या बाळाला कुणी विचारले का, की त्याला आमच्याकडे यायचे आहे का?'

अनघा म्हणाली, "खोलीचे वाक्य काढून टाकावे, असे मला वाटत होते. बाई म्हणाल्या, अजिबात नको. या फाइलमधला हा सगळ्यांत प्रामाणिक कागद आहे." आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही बाईंनी मीराला समोर बसवून दिले. दत्तकाचा हुकूम देण्यापूर्वी मुलाचे वय आणि समज पाहून त्याची इच्छा लक्षात घ्यायची, असे भारताच्या कायद्यातच लिहिलेले आहे. अगदी तान्ह्याला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने हे एवढे सारे प्रश्न आम्ही तुझ्या आईबाबांना विचारतो.

मी ते पत्र आईला वाचून दाखवले. मला वाटले, खोलीच्या वाक्यावर ती म्हणणार, "बघ, पोरीला नकोच आहे." पण ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चष्मा काढून पुसत म्हणाली, "अण्णांना कुणी विचारले नव्हते."

अण्णा म्हणजे आईचे वडील, माझे आजोबा. वाईला कृष्णेकाठी त्यांचा वाडा होता, हे मी पाहिले आहे. ते दत्तक गेलेले होते, हेही ओझरते ऐकले होते. पण त्यापुढचे आईने आम्हाला कधी सांगितले नव्हते. त्या दुपारी सांगितले.

अण्णा मूळचे गुहागरजवळच्या एका खेड्यातले. चार भावांत तिसरे. १९२४ साली, नऊ वर्षांचे असताना, वाईचे एक निपुत्रिक चुलतआजोबा त्यांना बघायला आले. दोघा भावांना ओटीवर उभे केले, पाढे म्हणवून घेतले आणि याला पसंत केले. बैलगाडीतून कुंभार्ली घाट चढून ते वाईला आले. होम झाला, नाव बदलले, आडनाव बदलले. त्या घराने त्यांना काही कमी केले नाही. चांदीच्या ताटात जेवू घातले, इंग्रजी शाळेत घातले. अण्णाही त्या आईबापांविषयी कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. त्यांचे शेवटचे दुखणे त्यांनी मुलाच्या मायेने काढले.

"पण दोन वर्षांनी दिवाळीला त्यांना गुहागरला नेले," आई सांगू लागली. "नरकचतुर्दशीच्या फराळाला पाट मांडले. भाऊ नेहमीसारखे ओळीने बसले होते, साध्या पाटांवर. अण्णांचा पाट निराळा मांडला होता. त्याभोवती त्यांच्या आईने रांगोळी घातली होती, शेजारी समई ठेवली होती. बिचारीने कौतुकानेच केले असेल. अण्णा मला म्हणाले, 'ती रांगोळी बघितली आणि मला कळले, की मी पाहुणा झालो.' अकरा वर्षांचे पोर ते. तसेच जेवले, कुणाला काही बोलले नाही. शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते, तेव्हा साठ वर्षांनी हे बोलले. म्हणाले, 'मला विचारले असते तर मी कदाचित हो म्हटले असते. वाईला शाळा होती, मला शिकायची आवड होती. पण कुणी विचारले नाही गं.'"

मी गप्प बसून होतो. सहा महिने मी समजत होतो, की आईला रक्ताचे पडले आहे, गोत्राचे पडले आहे. ती बोलत होती तेही तेच. पण माणूस भीतीपोटी बोलतो तेव्हा जवळ सापडतील ते शब्द उचलतो. तिला भीती आमच्या घराची नव्हतीच. तिला भीती होती त्या न आलेल्या मुलाची. एवढा प्रवास करून, नाव बदलून, भाषा बदलून ते पोर एका घरात शिरणार आणि कौतुकाच्या रांगोळीत एकटे बसणार, हे तिने आपल्या बापाच्या डोळ्यांनी आधीच पाहिलेले होते.

आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही. ज्यांना फार पूर्वी असे दूरदेशी नेले, ती मुले आता मोठी होऊन प्रश्न विचारीत आहेत. आमचे कागद कुठे आहेत? आमच्या आईने आम्हाला खरोखर दिले होते, की कुणी फसवून घेतले? या प्रश्नांमुळे नेदरलँड्ससारख्या देशाने २०२१ साली परदेशांतून नवी मुले दत्तक आणणे थांबवले. २०२४ साली चीनने, थोडे अपवाद सोडून, आपली मुले बाहेर देणे बंद केले. विचारायचे ते वेळीच विचारले नाही, की ते चाळीस वर्षांनी असे परत येते. म्हणून आता आपल्या कायद्याने, मूल सोपवणाऱ्या आईबापांनाही फेरविचाराला दोन महिने दिले आहेत. सापडलेल्या मुलाचे आईबाप शोधायचे, ते नाही मिळाले तरच त्याला मोकळे ठरवायचे. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षे त्याची खबरबात घेत राहायची.

अनघाच्या त्या कागदांच्या ढिगाला आम्ही सारे हसत होतो. आता तो ढीग मला निराळा दिसू लागला. त्यातला प्रत्येक कागद म्हणजे एक प्रश्न आहे. १९२४ साली गुहागरच्या ओटीवर विचारायचे राहून गेलेले प्रश्न. देणाऱ्या आईला, घेणाऱ्या आईला, घरातल्या मुलांना, आणि कळत्या वयाच्या त्या मुलाला. मूल अजून 'कर्म'च आहे, व्याकरण काही एका रात्रीत बदलत नाही. पण कर्माचे मत विचारणारे वाक्य कुणीतरी लिहायला बसले आहे, हे थोडे का आहे?

त्या रात्री माझे शिफारसपत्र एका बैठकीत झाले. एकच पान. मी लिहिले, की माझी बहीण चटकन रागावते आणि तितक्याच चटकन माफी मागते, मुलांचीसुद्धा. ती कामे अंगावर फार घेते आणि मग थकते. तेव्हा तिने मदत मागायला शिकले पाहिजे. मला तिच्या मुलांची काळजी वाटत होती. पण ज्या घरात सात वर्षांच्या मुलीला 'खोली देणार नाही' असे न भिता लिहिता येते, त्या घराची मला आता काळजी वाटत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने आयुष्यात लिहिलेले हे सर्वांत निरलंकृत गद्य असावे. अनघाने ते परत पाठवले नाही.

अजून काहीच झालेले नाही, हे सांगायला हवे. संस्थेने अर्ज पुढे पाठवला आहे. दिल्लीहून एखाद्या मुलाची माहिती येईल, वैद्यकीय अहवाल येईल, तो तिथल्या डॉक्टरांना दाखवायचा, मग होकार, मग ना-हरकत दाखला, मग इथल्या जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम, मग पारपत्र. वर्ष लागेल, दोन लागतील. मुलगा की मुलगी, कुठल्या गावचे, कुठली बोली बोलणारे, काही ठाऊक नाही. या दिवाळीला ते पोर कुठल्यातरी संस्थेत, दहा मुलांच्या रांगेत बसून लाडू खात असेल.

परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा आई स्वतःहून पडद्यासमोर येऊन बसली. अनघाने तिकडे दिवाळीसाठी पाट काढले होते. श्रीधररावांनीच ते हौसेने घरी केलेले आहेत. ओंकारने आजीला मोजून दाखवले, चार.

"पाचवा करून ठेवा," आई म्हणाली.

अनघाला काही बोलता येईना. आईनेच पुढे सांगितले, नेहमीच्या हुकमी आवाजात, चकलीचे प्रमाण सांगावे तसे.

"आणि हे बघ. ते येईल त्या दिवशी उत्साहाच्या भरात त्याच्या एकट्याच्या पाटाभोवती रांगोळी घालू नकोस. घालायची तर पाचही पाटांभोवती घाल. नाहीतर कुणाच्याच नको."